पात्राला माणूस करतो तो वाचक

1944 साली फ्रिट्झ हायडर आणि मॅरिआन झिमेल या दोन संशोधकांनी एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगासाठी त्यांनी जेमतेम अडीच मिनिटांची एक फिल्म केली होती. तिच्यात माणूस नव्हता, प्राणी नव्हता, आवाजही नव्हता. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखी उघडमीट होणारी फट असलेला एक चौकोन, एवढाच सगळा मामला. आकृत्या इकडून तिकडे सरकतात, एकमेकींना धडकतात, चौकोनात शिरतात आणि बाहेर पडतात. पहिल्या गटातल्या 34 जणांना फिल्म दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यापैकी फक्त एका व्यक्तीनं ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी हालचालींमागे मन पाहिलं. मोठा त्रिकोण त्यांना दांडगट वाटला, दुसऱ्यावर दादागिरी करणारा. वर्तुळ भ्यालेलं वाटलं, लहान त्रिकोण त्याच्या मदतीला धावणारा वाटला. कुणाला त्यात प्रेमाचं प्रकरणसुद्धा दिसलं.

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं या प्रयोगाशी थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं. त्या त्रिकोणाला नाव नव्हतं, गाव नव्हतं, चेहरा नव्हता, बालपण नव्हतं. त्याला काहीतरी हवं होतं आणि वाटेत काहीतरी आडवं येत होतं, एवढंच दिसत होतं, आणि तेवढ्यावर पाहणाऱ्यांनी त्याला स्वभाव बहाल केला. उलट, पात्रं जिवंत कशी करावीत याचा जो सल्ला नवोदितांना सर्रास मिळतो तो बहुधा माहिती गोळा करण्याचा असतो: पात्राची जन्मतारीख ठरवा, उंची ठरवा, आवडता रंग, आवडता पदार्थ, शाळेतली एखादी कटू आठवण, सगळं वहीत उतरवून काढा. अशा वह्या भरतात आणि तरी कथेतलं पात्र कागदावरून उठत नाही. असं का होतं, याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. पात्राविषयी लेखकानं पुरवलेली माहिती वाचक ऐकून घेतो, पण पात्राविषयी स्वतः काढलेल्या निष्कर्षावर तो विश्वास ठेवतो. लेखकाकडे पुरावा मांडण्याचं काम आहे. निकाल वाचकाला द्यायचा असतो. निकाल लेखकानंच वाचून दाखवला की वाचकाला काही करायचं उरत नाही, आणि ज्या माणसासाठी आपण काही केलं नाही तो आपल्याला परकाच राहतो.

एक उदाहरण रचून पाहू. कथेत माधवराव नावाचे निवृत्त कारकून आहेत. ‘माधवराव अतिशय काटकसरी होते’ असं पहिलं वाक्य आलं तर ते वाचकाला कळतं आणि तो ते लगेच विसरतोही. त्याऐवजी असं दिसलं की माधवराव जुन्या परिपत्रकांचे पाठकोरे कागद सारखे कापून, दोऱ्यानं शिवून त्यांच्या वह्या करतात. दूधवाल्याचा हिशोब, वाण्याची यादी, औषधांच्या वेळा सगळं त्याच वह्यांत असतं. पण दर महिन्याला टपालात पडणारं एक पत्र मात्र ते नव्या, कोऱ्या, आखीव कागदावर लिहितात. पत्र कुणाला जातं ते कथेत सांगितलेलं नाही, आणि त्याचं उत्तर आलेलंही कुठे दिसत नाही. आता वाचकाच्या मनात काटकसर हा शब्द उरतच नाही. हा माणूस कशाला जपतो, कुणापुढे त्याला नीटनेटकं दिसायचं आहे, कोण त्याच्यावर रुसलंय, असे प्रश्न तो स्वतःला विचारू लागतो. याच ठिकाणी लेखकाला राहवलं नाही आणि त्यानं ‘कारण दुरावलेल्या बहिणीवर त्यांचा फार जीव होता’ असं वाक्य जोडलं, की माधवराव पुन्हा माहितीपत्रकात जाऊन बसतात. ते वाक्य खोटं नसतं. ते फक्त वाचकाच्या आधी बोलून मोकळं होतं.

याचा सर्वांत लखलखीत नमुना मला टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’त दिसतो. अ‍ॅना मॉस्कोहून पीटर्सबर्गला परतते. मॉस्कोत तिला व्रॉन्स्की भेटलेला आहे, रात्रीच्या प्रवासात वाटेतल्या एका स्टेशनवर तो तिच्यासमोर येऊन बोललेला आहे. सकाळी गाडीतून उतरल्यावर फलाटावर उभा असलेला नवरा, कॅरेनिन, तिला दिसतो, आणि तिचं लक्ष जातं ते त्याच्या कानांकडे. हे असे कसे दिसतात याचे कान, असं तिला वाटतं. कॅरेनिनचे कान आदल्या आठवड्यात जसे होते तसेच आज आहेत. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला ते आज पहिल्यांदा खुपतात, यात काय घडून गेलं आहे ते वाचकाला क्षणात समजतं, आणि गंमत अशी की ते अजून अ‍ॅनाला नीटसं समजलेलं नाही. वाचक तिच्या एक पाऊल पुढे आहे. हे पाऊल फार मोलाचं असतं. प्रत्यक्ष आयुष्यातही दुसऱ्याचं मन आपल्याला असंच कळतं: तो स्वतःविषयी जे सांगतो त्यापेक्षा त्याची नजर कुठे अडकते, तो कोणत्या विषयाला बगल देतो, कशावर विनाकारण चिडतो, यांवरून. कथेतही तीच वाट मिळाली की पात्र ओळखीचं वाटू लागतं. कानांचं वर्णन कॅरेनिनविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ते अ‍ॅनाचं वर्णन आहे. कादंबरीतलं कोणतंही चांगलं वर्णन हे दिसणाऱ्या वस्तूइतकंच पाहणाऱ्या डोळ्याचंही असतं, ही गोष्ट नवा लेखक जितक्या लवकर शिकेल तितकं बरं.

यावर पहिला आक्षेप टॉलस्टॉयच्याच नावानं घेता येईल. तो काही मुखदुर्बळ लेखक नव्हता. पात्रांच्या मनात काय चाललंय ते तो पानंच्या पानं सांगतो, भाष्य करतो, मतं देतो. मग ‘सांगू नका, दाखवा’ हा नियम त्यानं तर धाब्यावरच बसवला की! आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी तो नियम मांडत नाही. सांगणं हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच असतो की सांगून झाल्यावर वाचकासाठी काही शिल्लक राहतं का. टॉलस्टॉय कॅरेनिनविषयी बरंच सांगतो. वाचक त्याला शुष्क, कागदी, बोटं मोडणारा सरकारी माणूस म्हणून निकालात काढतो, आणि नंतर अ‍ॅना बाळंतपणात मरणाच्या दारी असताना तोच माणूस तिला आणि व्रॉन्स्कीला क्षमा करतो, आणि स्वतःची नसलेली ती तान्ही मुलगी पाहायला दिवसातून कितीदा तरी बाळाच्या खोलीत जाऊन बसतो. आधी दिलेला निकाल वाचकाला फिरवावा लागतो. आधीचं सगळं सांगणं त्यामुळे फुकट जात नाही. उलट त्याच्यामुळेच हा धक्का बसतो. लेखकानं भरपूर सांगावं, पण शेवटचा शब्द आपलाच आहे अशा थाटात सांगू नये.

मराठीत प्रथमपुरुषी निवेदनाची जी समृद्ध परंपरा आहे, ती याच कारणानं बळकट झाली असावी. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्यांचं वय सव्वीस होतं. एका सव्वीस वर्षांच्या पुरुषानं बालविवाह, सासुरवास, वैधव्य आणि केशवपन भोगणाऱ्या मुलीच्या तोंडून तिची कहाणी सांगितली. लेखकाचा हेतू सुधारणेचा होता आणि तो कुठे लपवलेलाही नाही. तरीही ती मुलगी, यमू, प्रचाराची बाहुली झाली नाही, कारण तिला सगळं कळत नाही. लहानपणीच्या गोष्टी ती लहानपणीच्या समजुतीसकट आठवते. मोठी माणसं कशावरून खालच्या आवाजात बोलताहेत, आई का गप्प झाली, हे तिच्यापेक्षा आधी वाचकाला उमगतं. समाज अन्यायी आहे हे विधान यमूनं केलं असतं तर ते त्या काळातल्या एखाद्या अग्रलेखासारखं वाचून बाजूला पडलं असतं. ते विधान वाचकानं तिच्या बोलण्यातून स्वतः जुळवलं, आणि स्वतः जुळवलेली गोष्ट सहजी नाकारता येत नाही. आज एका समाजगटातल्या लेखकानं दुसऱ्याचं आयुष्य लिहावं का, यावर पुष्कळ वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. यमूच्या उदाहरणानं तो वाद मिटत नाही. पण एवढं दिसतं की जिथे लेखक दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायची घाई करतो तिथे तो पकडला जातो, आणि जिथे त्या माणसाच्या अपुऱ्या समजेशी प्रामाणिक राहतो तिथे वाचक त्याच्याबरोबर चालतो.

1963 साली आलेल्या ‘कोसला’त भालचंद्र नेमाड्यांनी हेच वेगळ्या रीतीनं साधलं. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो आणि सगळ्या गंभीर गोष्टी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांनी झटकत बोलतो. सुरुवातीला ती एक बोलण्याची लकब वाटते. हळूहळू लक्षात येतं की ज्या गोष्टीजवळ थांबलं तर दुखेल त्या गोष्टीजवळ हा मुलगा थांबतच नाही. मग धाकटी बहीण मनी जाते, आणि त्या भागात झटकण्याची ही रीत पुरी पडेनाशी होते. पांडुरंग संवेदनशील आहे असं कादंबरीत कुणी म्हणत नाही. तो स्वतः तर मुळीच म्हणणार नाही. कित्येक पिढ्यांच्या तरुणांना तो आपला वाटला, त्यामागे त्याचं वय, कॉलेज, वसतिगृह हे सगळं होतंच, पण त्याची बोलण्याची ढाल आणि ढालीमागचं अंग या दोन्हींमधलं अंतर वाचकानं स्वतः मोजलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. इ. एम. फॉर्स्टरनं 1927 च्या आपल्या व्याख्यानांत पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी जी विभागणी केली ती आता सर्वपरिचित आहे. सपाट पात्र एका गुणावर उभं असतं, एका वाक्यात सांगता येतं. अशा पात्रात वाचकानं शोधायचं ते काय? आणि तरी डिकन्सची सपाट माणसं किंवा आपल्याकडे चिं. वि. जोशांचे चिमणराव अनेक खोल, गुंतागुंतीच्या नायकांपेक्षा जास्त जिवंत आहेत. मग निष्कर्ष वगैरे सगळं सोडून द्यावं का? मला वाटतं, चिमणराव माझ्याच बाजूनं साक्ष देतात. ते स्वतःच्या गोष्टी स्वतः सांगतात, मोठ्या गांभीर्यानं सांगतात, आणि आपण त्यात कसे दिसतो आहोत याचा त्यांना पत्ता नसतो. त्यांचा भित्रेपणा आणि त्यांची फजिती त्यांनी दिलेल्या शहाणपणाच्या स्पष्टीकरणातून वाचक ओळखतो, आणि त्या ओळखण्यातच हसू आहे. म्हणजे पात्र सपाट असेल, तरी वाचकाला दिलेलं काम सपाट नाही. ज्या विनोदी पात्रांविषयी लेखक ‘ते फार विसरभोळे होते’ असं आधीच सांगून टाकतो ती पात्रं मात्र दुसऱ्या पानावर कंटाळवाणी होतात.

आता एक धोका, आणि तो पहिल्याच प्रयोगात दडलेला आहे. लोकांनी त्रिकोणाला स्वभाव दिला तो कुठून आणला? आपल्याच डोक्यातून. मोठा म्हणजे दांडगट, लहान म्हणजे सोसणारा, अशा तयार साच्यांमधून. वाचक निष्कर्ष काढतो तेव्हा तो अशा साच्यांचाच आधार घेतो: सासू म्हटलं की खाष्ट, सावकार म्हटलं की लबाड, देवभोळी बाई म्हटलं की निरुपद्रवी. जो लेखक हे साचे ओळखत नाही त्याची पात्रं न सांगताही ठोकळेबाज होतात. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’कडे (1972) या दृष्टीनं पाहावं. या नाटकात निवेदक नाहीच, त्यामुळे लेखकाला निकाल वाचून दाखवण्याची सोयच नाही. जे काही आहे ते बोलण्यात आणि करण्यात. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो, अटी रोखठोक सांगतो, आणि आपण जगासारखे ढोंगी नाही असं पुनःपुन्हा ऐकवतो. लक्ष्मी पूजाअर्चा करणारी, मुंग्यांशी बोलणारी. चंपा दारू पिणारी, तोंडाळ. तिघांनाही प्रेक्षक झटकन साच्यात बसवतो. शेवटी चंपा आणि सखारामचा मित्र दाऊद यांचं प्रकरण लक्ष्मी सखारामच्या कानावर घालते, सखाराम चंपाचा गळा दाबतो, आणि त्यानंतर खचून बसतो तो सखाराम. प्रेत पुरायचं म्हणून कामाला लागते ती मुंग्यांना जपणारी लक्ष्मी.

हा धक्का लादलेला का वाटत नाही? कारण मागे जाऊन पाहिलं तर पुरावा आधीपासून समोर होता. लक्ष्मीची भक्ती मऊ नव्हती. तिच्यात बरोबर काय, चूक काय हे ठरवून टाकल्याचा एक थंडपणा होता. सखारामचा ढोंगाबद्दलचा संताप इतका मोठ्यानं का होता, हेही तेव्हा कळतं: परंपरेचं ओझं आपण फेकून दिलं असं म्हणणाऱ्या माणसाच्या अंगात ते ओझं शाबूत होतं. आपण पाहिलं होतं, पण साच्याच्या भरवशावर वाचलं नव्हतं. गोल पात्राची फॉर्स्टरनं दिलेली कसोटी हीच आहे: ते आपल्याला चकित करतं आणि तरी पटतं. पटण्याचा भाग नवे लेखक पुष्कळदा विसरतात. पात्रात विरोधाभास हवा असं कुठेतरी वाचून ते क्रूर गुंडाला मांजर पाळायला देतात, कठोर मास्तरांना चोरून कविता करायला लावतात. नुसता विरोध जोडून माणूस होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्रा’त पात्राकडून सुसंगतीची अपेक्षा केली आणि पुढे म्हटलं की पात्र विसंगत असेल, तर त्याच्या विसंगतीतही सुसंगती असावी. लक्ष्मीच्या बाबतीत ती आहे. मांजर पाळणाऱ्या गुंडाच्या बाबतीत ती शोधावी लागते.

अ‍ॅरिस्टॉटलचं आणखी एक मत इथे कामाला येतं. अशक्य पण संभाव्य वाटणारी गोष्ट ही शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा कवीनं जवळ करावी, असं तो म्हणतो. कथेवर टीका झाली की ‘पण हा माणूस खरंच आहे, हे अगदी असंच घडलं’ असा बचाव लेखक करतात, त्याला हे दोन हजार वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. प्रत्यक्षातला माणूस त्या लेखकाला खरा वाटला तो अनेक वर्षांच्या सहवासातल्या असंख्य बारीक पुराव्यांमुळे. कथेत त्यानं त्यातला फक्त निकाल आणला आणि पुरावे घरी ठेवले. वाचकाचा त्या माणसाशी सहवास नाही. त्याला दोन-चार गोष्टींतच तो सहवास मिळायला हवा, आणि म्हणून त्या दोन-चार गोष्टींची निवड हेच कथालेखकाचं मुख्य कसब.

पु. ल. देशपांड्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’त अंतू बर्वा उभा केला तो अशाच निवडीवर. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला हा म्हातारा तिरकस बोलतो, सगळ्या जगाची खिल्ली उडवतो, दारिद्र्याचीसुद्धा. त्याचं दुःख लेखक आपल्या शब्दांत सांगत बसत नाही. बायको गेली त्याविषयी अंतूशेठ बोलतात तेव्हा ते दारच्या हापूसविषयी बोलतात: ती गेल्यापासून तो मोहरला नाही. एवढ्या जिभेच्या माणसाला स्वतःच्या दुःखाविषयी सरळ बोलता येत नाही, झाडाच्या आडोशानं बोलावं लागतं, हे वाचकाच्या लक्षात येतं आणि आधीचा सगळा तिरकसपणा त्याला वेगळा दिसू लागतो. बोलीचा प्रश्नही इथेच येतो. कोकणी हेल, वऱ्हाडी क्रियापदं, माणदेशी शब्द पेरले की पात्र त्या मातीतलं होतं, असा एक समज आहे. बोली हवीच, आणि ती अचूकच हवी. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक वऱ्हाडीखेरीज दुसऱ्या भाषेत कल्पनाही करता येत नाही. पण बोलीतून पात्राचा प्रदेश कळतो. पात्र कळतं ते त्या बोलीत ते काय बोलायचं टाळतं त्यावरून. दोन भाऊ वाटणीचे कागद पुढ्यात घेऊन बसले आहेत. धाकटा विचारतो, “दादा, विहिरीचं काय ठरवलंस?” थोरला म्हणतो, “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणताहेत.” या दोन ओळी कोणत्याही बोलीत लिहा, विहीर कुणाला हवी आहे आणि आईचं नाव कशासाठी पुढे आलं आहे ते कळायचं राहत नाही. तेच थोरल्यानं ‘विहीर मी सोडणार नाही’ असं उत्तर दिलं असतं, तर संवाद सरळ झाला असता आणि भाऊ पुसट झाला असता.

मग माहितीच्या त्या वह्या, पात्राची जन्मतारीख आणि बालपण, हे सगळं टाकाऊ आहे का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या वह्या लेखकाच्या कामाच्या असतात, फक्त वाचकाच्या नसतात. माधवराव नव्या कागदावर पत्र कुणाला लिहितात हे लेखकाला ठाऊक नसेल, तर लपवण्याजोगं त्याच्याकडे काही नाही, आणि नसलेलं लपवलं की ते नुसतं धूसर होतं. वाचक हा फरक अचूक ओळखतो: एका बाजूला जाणूनबुजून रिकामी ठेवलेली जागा, दुसऱ्या बाजूला लेखकालाच न सुचलेली. म्हणून पहिल्या खर्ड्यात लेखकानं मोकळेपणानं सगळं लिहून काढावं, पात्राचा स्वभाव चार विशेषणांत सांगावा, त्याच्या वागण्याची कारणं मांडावीत. ती वाक्यं त्या वेळी लेखक स्वतःला समजावून सांगत असतो. टॉलस्टॉयच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत अ‍ॅना पुष्कळच उथळ आणि तिचा नवरा बराच सहानुभूती मिळवणारा होता. खर्डे बदलत गेले तशी दोघांची वजनं बदलली, कारण त्या सुरुवातीच्या निकालावर त्याला थांबायचं नव्हतं. दुसऱ्या खर्ड्यात पेन्सिल घेऊन अशी प्रत्येक निकालाची ओळ शोधावी आणि ती खोडली तर पानावरच्या घटनेतून तोच निकाल निघतो का ते पाहावं. निघत असेल तर ओळ काढावी. निघत नसेल तर ओळ तशीच ठेवून चालत नाही; घटना पुन्हा लिहावी लागते, आणि पुष्कळदा ती लिहिताना लक्षात येतं की पात्राविषयीचा आपला पहिला निकालच चुकीचा होता.